झाकल्याशिवाय बेरीज येत नाही

पहिलीतल्या मुलाला पाच आणि तीन किती, असं विचारून बघा. ते पाच चिंचोके मांडतं, मग तीन मांडतं, सगळे एकत्र सरकवतं आणि पुन्हा एकपासून मोजतं. उत्तर आठ येतं. आपण शाबास म्हणून पुढच्या मुलाकडे वळतो. खरं तर त्यानं तीनदा मोजलं: एकदा पाच, एकदा तीन, एकदा आठ. बेरीज अजून झालेलीच नाही. हीच सवय घेऊन मूल वर गेलं की २७ आणि १५ मिळवताना वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या ओढत बसतं, आणि तिसरी-चौथीचे सर पहिलीच्या बाईंना बोल लावतात.

मी आंबेगाव तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी सांभाळते. खालचे खेळ तिथल्याच फरशीवर आणि पटांगणात खेळलेले आहेत. त्यातले बरेचसे तुम्हाला ठाऊक असतील. माझं सांगणं एवढंच, की त्या प्रत्येकात काहीतरी झाकायला हवं. सगळ्या वस्तू समोर दिसत असल्या तर मूल मोजणारच, आणि का मोजू नये? एक गट नजरेआड गेला की तो मनात धरावा लागतो. तिथून बेरीज सुरू होते.

आधी सामान

चिंचोके घ्या. उन्हाळ्यात घरोघरी चिंचा फोडतात तेव्हा सांगून ठेवलं की जूनमध्ये मुलं पिशव्या भरून आणतात. दोन दिवस कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचे, नाहीतर श्रावणापर्यंत कीड लागून भोकं पडतात. एक धोका मात्र लक्षात ठेवा. आमच्याकडे अंगणवाडीतली धाकटी भावंडंही वर्गात येऊन बसतात, आणि चिंचोका नाकात घालण्याचा मोह त्यांना आवरत नाही. ती आलेली असतील त्या दिवशी चिंचोके कपाटात आणि पाण्याच्या बाटल्यांची झाकणं बाहेर.

झाकायला नारळाच्या करवंट्या. कडा दगडावर घासून गुळगुळीत करून घ्या. एक स्टीलचा डबा लागतो, प्लास्टिकचा चालत नाही. कारण पुढे कळेल. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे तीस खळग्यांचा असतो, पाच आणि सहाच्या ओळींचा. तो दोन-दोन ओळींत कापला की पाच-पाचच्या दोन रांगांच्या तीन चौकटी मिळतात. दहाची चौकट म्हणून दुकानात जी विकत मिळते ती हीच. फासे सुताराकडून करून घ्या, मुठीएवढे. सापशिडीतला फासा फरशीवर टाकला की बाकाखाली जातो आणि निम्मी तासिका तो शोधण्यात जाते.

तारा­बाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शिंपले, बिया, खडे, पानं हेच शिक्षणसाहित्य केलं होतं. तेव्हा साहित्याचं अनुदान आलं नाही ही सबब आपल्याला फारशी शोभत नाही.

करवंटीखाली किती

हा पहिला खेळ, आणि एवढा एकच रोज खेळलात तरी चालेल. दोघं समोरासमोर बसतात. पाच चिंचोके मधे. दोघांनी मिळून मोजायचे, म्हणजे नंतर भांडण नको. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं काही चिंचोके करवंटीखाली सरकवायचे. डोळे उघडल्यावर बाहेर दोन दिसतात. आत किती?

पाचवर हात बसेपर्यंत सहाकडे जाऊ नका. माझ्या वर्गात गणपतीपर्यंत पाच, दिवाळीपर्यंत सात-आठ आणि त्यानंतर दहा असा साधारण वेग पडतो. काही मुलं आठवड्यात दहावर जातात, त्यांना जाऊ द्यावं. पण त्यांच्या जोडीला हळू शिकणारं मूल देऊ नये. जलद मूल उत्तर सांगून टाकतं आणि दुसऱ्याचा खेळच संपतो.

वरवर ही वजाबाकी वाटते. मूल मात्र ‘दोन आणि किती म्हणजे पाच’ असा विचार करतं, आणि पाच म्हणजे दोन-तीन, चार-एक, पाच-शून्य हे त्याच्या अंगवळणी पडतं. शून्य मुद्दाम येऊ द्या. एखादा मिस्किल मुलगा रिकामी करवंटी पालथी घालून गंभीर चेहऱ्यानं बसतो, आणि समोरची मुलगी बाहेरचे पाच बघून हसायला लागते. शून्य मिळवलं की संख्या बदलत नाही, हे सांगायला यापेक्षा चांगला पाठ माझ्याकडे नाही.

डब्यातले आणि पडणारे

स्टीलच्या डब्यात मुलांसमोर सहा खडे टाका, झाकण लावा, झाकणावर खडूनं ६ लिहा. मग झाकण किंचित उघडून एकेक खडा सोडा. टण्ण. टण्ण. टण्ण. आता डब्यात किती?

आतले दिसत नाहीत, पडलेलेही दिसत नाहीत, फक्त आवाज आहे. त्यामुळे एकपासून मोजायची सोयच उरत नाही. ‘सहा’ मनात धरून मूल ‘सात, आठ, नऊ’ म्हणतं. एकदा हे जमलं की मूल मोजणीतून बाहेर पडायला लागलं असं समजा. काही मुलं सुरुवातीला ‘सहा, सात, आठ’ म्हणतात, म्हणजे पहिल्या आवाजालाच सहा. त्यांना झाकणावरच्या अंकावर तळहात ठेवायला सांगा. हात ठेवताना ‘सहा’, हात उचलल्यावर आवाज. दोन-चार वेळा असं केलं की गाडी रुळावर येते.

पुढची पायरी: डब्यावर २ लिहा आणि सात खडे सोडा. मुलं वैतागतात, मोजता मोजता चुकतात. वैतागू द्या. मग विचारा, उलटं केलं असतं तर? सात आत आणि दोन पडणारे. मोठी संख्या मनात धरून धाकटी पुढे मोजायची, हे नियम म्हणून फळ्यावर लिहून देण्यात अर्थ नाही. सात खडे सोडून वैतागलेलं मूल ते स्वतःच सांगतं.

बैलगाडा शर्यत

आमच्या भागात पोरांना अंक येण्याआधी बैलांची नावं येतात. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि गावोगावचे घाट, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, पुन्हा भरले. तेव्हापासून मधल्या सुट्टीत शाळेच्या पटांगणातही बारी (गाड्याची धाव) सुटते. तिचा उपयोग करून घ्यायचा नाही तर काय करायचं?

फरशीवर खडूनं बारा उभ्या पट्ट्या आखा, तळाशी १ ते १२ अंक लिहा. प्रत्येक पट्टीत पाच घरं, शेवटी एक आडवी रेघ. प्रत्येक मुलानं किंवा जोडीनं एक पट्टी निवडायची आणि आपला बैल ठेवायचा. बैल म्हणजे झाकण, खडा, मातीचा बेंदरातला बैल, काहीही. दोन फासे एकदम टाकायचे. बेरीज येईल त्या पट्टीतला बैल एक घर पुढे. ‘भिर्रर्र’ ओरडायला पूर्ण परवानगी. शेजारच्या वर्गात सरांना आधी सांगून ठेवा.

(जाणकार मुलं लगेच हरकत घेतात, की आपल्याकडे घाटात एकेक गाडा सेकंदावर पळतो, सगळे एकदम नाहीत. त्यांना सांगायचं की आज सातारा-सांगलीकडची पद्धत आहे.)

आता यातली खुबी फाशात आहे. दोन्ही फाशांवर ठिपके असले तर मुलं सगळे ठिपके एकपासून मोजतात आणि आपण होतो तिथेच राहतो. म्हणून एका फाशावर ठिपके काढा आणि दुसऱ्यावर अंक लिहा. ५ हा अंक आला, शेजारी तीन ठिपके आले. अंकात मोजायला काही नाही, तो धरूनच पुढे जावं लागतं: पाच, मग ठिपक्यांवर बोट, सहा, सात, आठ. करवंटी न वापरता झाकणं झालं. महिनाभरानं दोन्ही फासे अंकांचे करा.

पहिल्या डावात सगळ्यांना १२ हवा असतो, कारण तो मोठा. कुणीतरी १ घेतं, कारण तो पहिला नंबर. पाच-सात मिनिटांत कुरकुर सुरू होते, ‘मॅडम, माझा गाडा हालंचना!’ लगेच समजावून सांगू नका. डाव पूर्ण होऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्ट्या निवडायला लावा. दोन-तीन डावांनंतर ६, ७, ८ साठी भांडणं लागतात आणि १ कुणालाच नको असतो. तेव्हा विचारा, एकचा गाडा का हलत नाही? दोन फाशांवर कमीत कमी एक आणि एक, म्हणजे दोन. हे पहिलीतलं मूल सांगू शकतं. बारा फक्त सहा-सहानं होतो. सात मात्र एक-सहा, दोन-पाच, तीन-चार आणि त्यांच्या उलट, असा सहा तऱ्हांनी. दुसरीच्या मुलांना या जोड्या फळ्यावर मांडायला द्या. एकूण छत्तीस जोड्या निघतात, त्यात सातच्या सहा, सहा आणि आठच्या पाच-पाच. संभाव्यता हा शब्द त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटेल, पण सातचा गाडा का पळतो हे आता कळलेलं असतं.

पहिलीच्या पहिल्या सत्रात बारापर्यंतच्या बेरजा जड जातात. तेव्हा फाशाच्या बाजूंवर १, १, २, २, ३, ३ असं लिहा आणि २ ते ६ एवढ्याच पट्ट्या आखा. ७ आणि पुढचे बैल दिवाळीनंतर.

फाशाची आणखी एक गंमत. नीट केलेल्या फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सातच होते: एकच्या खाली सहा, दोनच्या खाली पाच, तीनच्या खाली चार. सुताराला हे आधीच सांगा. मग फासा टाकायचा आणि खाली दबलेला अंक ओळखायचा. मुलांना ही जादू वाटते. कुणाला तरी गुपित कळतं, ते कुणालाच सांगत नाही आणि दिवसभर भाव खातं.

दहाची जोडी

१ ते ९ अंकांच्या पाट्या दोऱ्यानं गळ्यात. ५ च्या पाट्या दोन हव्यात, नाहीतर पाचवाला एकटाच पळत राहतो. ‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा’ म्हणत गोल धावायचं, टाळी वाजली की दहाची जोडी जमवायची. एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच. जोडी जमली की पाट्या उलट्या करायच्या आणि एकमेकांचा अंक न बघता सांगायचा. पटसंख्या विषम असेल तर तिघांनी मिळून दहा झाले तरी चालतील असं सांगा. दोन, तीन आणि पाच एकमेकांना शोधतात तेव्हा बघण्यासारखं असतं.

जोडी न मिळालेल्याला बाद करू नका. बाद होणारं मूल बहुतेक वेळा तेच असतं ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज आहे, आणि आपण त्याला बाजूला बसवून ज्यांना येतं त्यांनाच खेळवत राहतो. जो उरला त्यानं पुढची टाळी वाजवायची.

दहाच्या जोड्या तोंडावर आल्या की अंड्यांच्या ट्रेच्या चौकटी काढा. आठ आणि पाच. एका चौकटीत आठ झाकणं, दुसरीत पाच. पहिलीत दोन खळगे रिकामे दिसतात. दुसरीतली दोन उचलून तिथं ठेवली की दहा भरले, बाहेर तीन. तेरा. असं चार-पाच वेळा झाल्यावर दुसऱ्या चौकटीवर वर्तमानपत्र टाका आणि फक्त तोंडानं करायला लावा: आठला किती हवे? दोन. पाचातून दोन गेले, उरले किती? ही पायरी घाईची नाही. दुसरीतल्या मुलांनाही ती पुन्हा पुन्हा लागते. पण ज्यांना ती आली, त्यांना पुढे ‘हातचा एक’ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्यांनी तो भरलेला ट्रे पाहिलेला असतो.

शून्य ते नऊच्या मिळून शंभर बेरजा होतात. तीन-पाच आणि पाच-तीन एकच धरल्या तर पंचावन्न उरतात. त्यातल्या शून्याच्या, एकाच्या, दुपटीच्या आणि दहाच्या जोड्या वजा केल्या तर पाठ करण्यासारखं फारच थोडं शिल्लक राहतं. पालकांना हे बेरजेचे तक्ते भिंतीवर चिकटवण्याआधी सांगावं.

पटांगणात

ठिकरीसारखी घरं सरळ रेषेत आखा, ० ते १०. चारवर उभं राहायचं, तीन उड्या, कुठे आलो? लंगडी घालत केलं तर आणखी रंगतं. इथे हमखास एक घोटाळा होतो: मूल ज्या घरात उभं आहे त्यालाच ‘एक’ म्हणतं आणि सहावर पोचतं. वर्गानं मोठ्यानं म्हणायचं, ‘उभं घर मोजायचं नाही, उडी मोजायची.’ झाकणं इथेही करता येतं. निघायच्या आधी पाठ करून उभं राहायचं, उत्तर सांगायचं, मग वळून उड्या मारायच्या आणि ताडून बघायचं.

दुकानाचा खेळ सगळ्यांना आवडतो आणि तो सगळीकडे फार लवकर घेतला जातो. पाच रुपयांचं एक नाणं आणि दोनचं एक नाणं मिळून किती? ज्याला नाणी ‘दोन’ दिसतात त्याला सात कसे दिसणार? डब्याचा खेळ पक्का झाल्यावरच दुकान मांडा. नाणंही एक झाकलेला डबाच आहे, आत पाच आहेत हे न बघता मानायचं असतं.

बोटं, वेग आणि वही

बोटांवर मोजू द्या. आजीकडे वाढलेली काही मुलं पेरांवर मोजतात, अंगठ्यानं चार बोटांची तीन-तीन पेरं, म्हणजे एका हातावर बारा. पद्धत उत्तम आहे, पण तिच्यात पाच आणि दहाचा गट हाताला दिसत नाही. म्हणून परिपाठात एक मिनिट ‘सात दाखवा’ खेळा: बोटं एकेक न उघडता एकदम, एक पूर्ण हात आणि दोन. ‘आता पाठीमागे सात धरा, त्यात दोन मिळवा.’ पाठीमागे नेली की बोटंही झाकली गेली.

उत्तर ओरडू देऊ नका. ज्याला आलं त्यानं अंगठा छातीशी धरायचा. हात वर केला की बाकीचे विचार सोडून देतात. आणि उत्तर बरोबर आलं तरी ‘कसं काढलंस?’ हे विचारायचंच. चुकल्यावरच विचारलं तर मुलं तो प्रश्न ऐकताच उत्तर बदलतात.

कोण कुठे पोचलं हे बघायला चाचणी लागत नाही, ओठ बघा. सहा आणि तीन विचारल्यावर ओठ एकपासून हलले तर ते मूल पहिल्या पायरीवर. सातपासून हलले तर दुसऱ्या. हललेच नाहीत आणि उत्तर आलं, तर त्याला ती बेरीज आली. मी हजेरीच्या मागच्या पानावर नावापुढे एक, दोन, तीन टिंबं देते आणि महिन्यातून एकदा बघते.

पायाभूत वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून पहिली-दुसरीत खेळाला कागदोपत्री मान आहे. तरी भेटीला आलेले साहेब वहीच मागतात, आणि पालकही. त्यावर उपाय असा: खेळ संपला की प्रत्येकानं आजच्या खेळातल्या दोनच बेरजा वहीत काढायच्या. आधी चित्र, म्हणजे डबा, त्यावर ६, बाहेर तीन खडे. चित्राखाली ६ + ३ = ९. उभी मांडणी पहिलीत नको. आडवी लिहिली की मूल जसं बोलतं तसं ते वाचतं.

खेळ रंगात असतानाच थांबवा, वीस मिनिटांपुढे नेऊ नका. करवंट्या मोजून परत घ्या. त्या घरी जातात, आणि घरून आई त्यांचा दिवा करून पाठवते.